मत आपण देतो, तिकीट कोण देतं? सोलापूर लोकसभेचा १९५२ पासूनचा हिशोब

मार्च २०२४. भाजपने सोलापूर लोकसभेसाठी राम सातपुते यांचं नाव जाहीर केलं आणि थोड्याच वेळात काँग्रेसच्या उमेदवार प्रणिती शिंदे यांचं एक पत्र सोशल मीडियावर फिरायला लागलं. पत्रात सातपुतेंचं सोलापुरात स्वागत केलं होतं. वरवर पाहिलं तर सौजन्य, पण टोला ज्याला लागायचा त्याला लागला. सातपुते तेव्हा माळशिरसचे आमदार. माळशिरस तालुका सोलापूर जिल्ह्यातच येतो, पण लोकसभेला तो माढा मतदारसंघात मोडतो. सातपुतेंनीही पत्रानेच उत्तर दिलं, दोन्हीकडचे समर्थक कमेंटमध्ये भिडले आणि 'लेक की उपरा' हा वाद थेट मतदानापर्यंत चालला.

या सगळ्या गदारोळात एक गोष्ट मागे राहिली. सातपुते असोत की प्रणिती शिंदे, दोन्ही नावं सोलापूरच्या मतदाराला विचारून ठरली नव्हती. दोन्ही याद्या दिल्लीतून आल्या. ७ मे २०२४ ला सोलापूरकर रांगेत उभे राहिले तेव्हा अर्धी निवडणूक आधीच उरकली होती.

अमेरिकेत हे कसं चालतं?

अमेरिकेच्या निवडणुकीच्या बातम्यांमध्ये 'प्रायमरी' हा शब्द सारखा येतो. अर्थ सोपा आहे. पक्षाचा उमेदवार कोण असावा यासाठी मुख्य निवडणुकीच्या आधी होणारं मतदान म्हणजे प्रायमरी. पण हे मतदान पक्षाच्या ऑफिसात होत नाही. बहुतेक राज्यांत ते सरकारी यंत्रणाच घेते, अगदी खऱ्या निवडणुकीसारखं.

मिशिगन या मोठ्या राज्याचं उदाहरण घेऊ. तिथे मतदार नोंदणी करताना पक्ष सांगावा लागत नाही. प्रायमरीच्या दिवशी कुठल्या पक्षाच्या उमेदवारांमधून निवड करायची हे मतदार स्वतः ठरवतो, फक्त एकाच वेळी दोन्ही पक्षांत मत देता येत नाही. २७ फेब्रुवारी २०२४ च्या प्रायमरीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या एक लाखाहून जास्त मतदारांनी बायडन यांच्या नावापुढे खूण न करता 'अनकमिटेड' म्हणजे 'अजून कुणाचाच नाही' हा पर्याय निवडला. गाझातल्या युद्धावरचा तो राग होता. बायडन ती प्रायमरी आरामात जिंकले, पण आपलेच मतदार नाराज आहेत हे पक्षाला आठ महिने आधी, आकड्यासकट कळलं.

आणि मिशिगनमध्ये आकडा महत्त्वाचा असतो. १९९२ ते २०१२ अशा सलग सहा अध्यक्षीय निवडणुकांत हे राज्य डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेलं. २०१६ मध्ये ट्रम्प यांनी ते फक्त १०,७०४ मतांनी खेचलं. २०२० ला बायडन, २०२४ ला पुन्हा ट्रम्प.

याच मिशिगनमध्ये एक मराठी माणूस प्रायमरीच्या वाटेने संसदेत पोचला. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार. २०१८ मध्ये त्यांनी थेट राज्यपालपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी लढवली, तिसरे आले. २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या १३ व्या जिल्ह्यातून अमेरिकी काँग्रेससाठी उतरले. प्रायमरीत नऊ उमेदवार होते. ठाणेदारांना साधारण २८ टक्के मतं पडली आणि तेवढ्यावर तिकीट त्यांचं झालं. नोव्हेंबरची मुख्य निवडणूक मग औपचारिकताच होती, कारण तो भाग डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला आहे. पक्षाच्या एकाही बड्या नेत्याला नको असला तरी असा माणूस तिथे तिकीट मिळवू शकतो. उलट बाजू अशी, की ठाणेदारांनी स्वतःचे लाखो डॉलर ओतले होते. हा मुद्दा पुढे परत येईल.

आपल्याकडे सगळा खेळ एबी फॉर्मचा

भारतात उमेदवार कसा निवडायचा याबद्दल कायदा पक्षांना काहीच विचारत नाही. निवडणूक आयोगाला हवे असतात दोन कागद. 'ए' फॉर्ममध्ये पक्ष सांगतो की आमच्या वतीने उमेदवार जाहीर करण्याचा अधिकार अमुक माणसाला आहे. 'बी' फॉर्ममध्ये तो माणूस सांगतो की या मतदारसंघात आमचा उमेदवार हा. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत हे कागद पोचले की चिन्ह तुमचं. वीस वर्षं पक्षाचं काम केलेला कार्यकर्ता आणि आदल्या रात्री पक्षात आलेला पाहुणा, कागदापुढे दोघे सारखे. नव्हे, कागद ज्याच्या हातात तो मोठा.

सोलापूरच्या राजकारणातलं सगळ्यात मोठं नाव या तिकिटाच्या फेऱ्यातूनच गेलेलं आहे. सुशीलकुमार शिंदे सोलापूरच्या कोर्टात शिपाई होते, मग पोलीस खात्यात फौजदार झाले. करमाळ्यातून तिकीट मिळेल या भरवशावर त्यांनी नोकरी सोडली आणि १९७२ ला तिकीट दुसऱ्यालाच गेलं. १९७४ च्या पोटनिवडणुकीत ते मिळालं आणि पुढचा सगळा प्रवास, मुख्यमंत्रिपद आणि केंद्रीय गृहमंत्रिपदासकट, तिथून सुरू झाला.

सोलापूर कुणाचं?

'सोलापूर म्हणजे काँग्रेसचा गड' हे वाक्य प्रत्येक निवडणुकीत ऐकू येतं. इतिहास जरा वेगळा आहे. १९५२ च्या पहिल्याच निवडणुकीत सोलापूरने काँग्रेसला बाजूला ठेवलं होतं. तेव्हा इथून दोन खासदार निवडले जायचे. एक जागा शेतकरी कामगार पक्षाच्या शंकरराव मोरेंनी जिंकली, दुसरी शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या पां. ना. राजभोज यांनी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या या पक्षाला त्या निवडणुकीत देशभरात लोकसभेच्या दोनच जागा मिळाल्या, त्यातली एक सोलापूरची.

गड म्हणावा असा काळ नंतर आला. १९६२ ला मादेप्पा कडादी, मग १९६७, १९७१ आणि १९७७ असे तीन वेळा सुरजरतन दमाणी. १९७७ ला देशात इंदिराविरोधी लाट असताना सोलापूर काँग्रेससोबत राहिलं. १९८० आणि १९८४ ला गंगाधर कुचन, १९८९ आणि १९९१ ला धर्मण्णा सादूल. या नावांकडे नीट पाहिलं तर पक्षाची जुनी रीत दिसते. कडादी लिंगायत, दमाणी मारवाडी उद्योजक, कुचन आणि सादूल तेलुगू भाषक पद्मशाली समाजातले. गिरण्या, यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या या शहरात कुठल्या समाजाला कधी पुढे करायचं याचं गणित तिकीट देणारे मांडत होते. हे गणित लोकांना विचारून मांडलेलं नव्हतं, पण त्यात शहर दिसत तरी होतं. १९९६ ला भाजपने तेच गणित उचललं, पद्मशाली समाजातल्याच लिंगराज वल्याळ यांना उमेदवारी दिली आणि गड पडला.

१९९८ पासून चित्र बदललं. तेव्हापासून २०२४ पर्यंत लोकसभेच्या सात सार्वत्रिक निवडणुका झाल्या. सातही वेळा काँग्रेसचं तिकीट एकाच घरात होतं. १९९८, १९९९, २००९, २०१४ आणि २०१९ ला सुशीलकुमार शिंदे, २००४ ला त्यांच्या पत्नी उज्ज्वला शिंदे, २०२४ ला कन्या प्रणिती. यातल्या चार जिंकल्या, तीन हरल्या. एक गोष्ट शिंदेंच्या बाजूने सांगायलाच हवी. १९९८ आणि १९९९ ला ते खुल्या मतदारसंघातून निवडून आले होते. सोलापूर अनुसूचित जातींसाठी राखीव झालं ते २००९ पासून.

भाजपची पद्धत याच्या अगदी उलट आणि मतदाराच्या दृष्टीने तितकीच बंद. २०१४ ला शरद बनसोडे यांनी तेव्हा गृहमंत्री असलेल्या शिंदेंना १,४९,६७४ मतांनी हरवलं. पाच वर्षांनी बनसोडेंचं तिकीट कापलं. २०१९ ला जयसिद्धेश्वर महास्वामी आले आणि १,५८,६०८ मतांनी जिंकले. त्यांचंही तिकीट २०२४ ला कापलं. दोन निवडून आलेले खासदार लागोपाठ घरी बसले, ते मतदाराने बसवले म्हणून नव्हे. त्यांचं काम चांगलं होतं की वाईट, यावर मत द्यायची संधीच सोलापूरला मिळाली नाही.

२०१९ च्या निकालात आणखी एक आकडा होता. वंचित बहुजन आघाडीचे प्रकाश आंबेडकर यांना १,७०,००७ मतं पडली होती, म्हणजे विजयाच्या फरकापेक्षा जास्त. २०२४ ला वंचितचे उमेदवार राहुल गायकवाड यांनी ऐनवेळी अर्ज मागे घेतला. प्रणिती शिंदे ७४,१९७ मतांनी निवडून आल्या. अर्ज माघारीचा परिणाम नेमका किती, हे मोजायचं कुठलंही यंत्र नाही. पण कोण उभं राहणार हा निर्णय निकालाच्या किती जवळ असतो, ते यातून कळतं.

प्रायमरीचा प्रयोग महाराष्ट्रातही झाला होता

भारतात हे कुणी करून पाहिलंच नाही, असं नाही. २०१४ ला राहुल गांधींच्या पुढाकाराने काँग्रेसने देशातल्या सोळाच्या आसपास मतदारसंघांत प्रायमरी घेतली. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर. मात्र मिशिगनसारखं सामान्य मतदाराला त्यात स्थान नव्हतं. मत द्यायचा हक्क पक्षाचे पदाधिकारी आणि लोकप्रतिनिधी यांच्यापुरता होता.

लातूरमध्ये दत्तात्रय बनसोडे निवडले गेले आणि मोदी लाटेत भाजपच्या सुनील गायकवाडांकडून हरले. वर्ध्याचा निकाल जास्त बोलका आहे. घराणेशाही मोडायला घेतलेल्या प्रायमरीत सागर मेघे जिंकले, म्हणजे विद्यमान खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव. मुख्य निवडणुकीत ते रामदास तडस यांच्याकडून हरले आणि काही महिन्यांतच मेघे कुटुंब भाजपमध्ये गेलं. पुढच्या लोकसभेला काँग्रेसने हा प्रयोग बासनात गुंडाळला. कुणी विरोधही केला नाही. कायद्याने दिलेला हक्क असता तर तो असा गुपचूप काढून घेता आला नसता. ती पक्षाने दिलेली सवलत होती आणि सवलत देणाऱ्याच्या मर्जीवर असते.

आणि मग दक्षिण सोलापूर

तिकीट वरून ठरलं की खाली काय होतं ते बघायला फार मागे जायची गरज नाही. नोव्हेंबर २०२४ ची विधानसभा. दक्षिण सोलापूरसाठी काँग्रेसने दिलीप माने यांचं नाव यादीत जाहीर केलं. एबी फॉर्म मात्र त्यांना दिलाच नाही. महाविकास आघाडीत ती जागा शिवसेना ठाकरे गटाकडे होती आणि त्यांचे अधिकृत उमेदवार होते अमर पाटील. मतदानाच्या दिवशी, म्हणजे २० नोव्हेंबरला, सुशीलकुमार आणि प्रणिती शिंदे यांनी अपक्ष धर्मराज काडादी यांना पाठिंबा जाहीर केला. लोक बूथवर पोचले होते आणि आघाडीचा उमेदवार नक्की कोण, हे अजून ठरत होतं. भाजपचे सुभाष देशमुख जिंकले.

पंढरपुरातही तीच गत. काँग्रेसचे भगीरथ भालके आणि राष्ट्रवादी शरद पवार गटाचे अनिल सावंत, एकाच आघाडीचे दोघे रिंगणात राहिले आणि भाजपचे समाधान आवताडे काही हजार मतांनी निघून गेले. लोकसभेला मोहोळ आणि पंढरपूर या दोन भागांनी प्रणिती शिंदेंना मोठं मताधिक्य दिलं होतं. सहा महिन्यांनी याच लोकसभा मतदारसंघातल्या सहापैकी पाच विधानसभा जागा भाजपकडे गेल्या. काँग्रेस आघाडीच्या पदरात एकटं मोहोळ पडलं. ही उलथापालथ फक्त तिकीट वाटपामुळे झाली असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. लाडकी बहीण योजना होती, इतर हवाही होती. पण दक्षिण सोलापूर आणि पंढरपुरात जो गोंधळ झाला तो मतदाराने केलेला नव्हता.

प्रायमरी आली असती तर सोलापुरात सगळं सुरळीत झालं असतं का? ठाणेदारांचा पैसा आणि वर्ध्याचे मेघे पाहता खात्री देता येत नाही. ज्याच्याकडे साखर कारखाना, शिक्षणसंस्था आणि गाड्यांचा ताफा, तो प्रायमरीही मारू शकतो. फरक एवढाच पडला असता, की बनसोडे किंवा महास्वामींना तिकीट का नको, याचं कारण कुणाला तरी सोलापुरात येऊन, मतं मागताना सांगावं लागलं असतं. दिलीप मानेंना एबी फॉर्म का मिळाला नाही, याचंही.