किल्ल्यामागचं कोची

केरळच्या सहलीत कोचीच्या वाट्याला बहुधा एकच दुपार येते. चिनी जाळी, सेंट फ्रान्सिस चर्च, 1568 सालचं सिनेगॉग, की लगेच गाडी मुन्नारच्या घाटाला लागते. एवढ्यावरून माणूस घरी येऊन सांगतो की हे शहर पोर्तुगीजांनी आणि डचांनी घडवलं. हे म्हणणं उलटं आहे. कोची घडवलं ते त्याच्या पाठीमागच्या डोंगरांनी आणि खाड्यांनी. गलबतं आली ती चालत्या बाजारात.

कोडुंगल्लूरजवळच्या पट्टणम गावी उत्खननात रोमन मद्यकुंभांची खापरं निघाली. म्हणजे वास्को द गामाच्या चौदा-पंधरा शतकं आधी इथली मिरी समुद्रापार जात होती. 1341 साली पेरियार नदीला मोठा पूर आला, तिथलं जुनं बंदर गाळानं बुजलं आणि कोचीचं मुख मोकळं झालं, असं मानतात. मट्टांचेरीच्या बाजार रोडवरच्या जुन्या वखारी नीट पाहिल्या तर सगळा व्यवहार उलगडतो. एक दार रस्त्यावर, दुसरं थेट पाण्यावर. डोंगरउतारावरच्या वेलींचे हिरवे घोस उन्हात वाळून काळे, सुरकुतलेले होत आणि ती मिरी होड्यांतून मागच्या दारी उतरे. ज्ञानाचंही तेच. डच गव्हर्नर व्हान रीडच्या नावावरचा ‘होर्तुस मलबारिकुस’ हा मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडी ग्रंथ 1678 पासून ॲम्स्टरडॅमला छापला गेला. त्यातली माहिती इट्टी अच्युतन या वैद्याची, तशीच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या कोकणी ब्राह्मणांची. या तिघांची कोकणी साक्ष त्यात नागरी अक्षरांत छापलेली आहे. आपल्या वाचकानं हे पान तरी विसरू नये.

यावर कोणी म्हणेल, गिऱ्हाईक नसतं तर मिरी रानातच राहिली असती. खरं आहे. पण गिऱ्हाईक बदलत गेलं: 1663 मध्ये पोर्तुगीज गेले, 1795 मध्ये डच गेले, बाजार मात्र चालूच राहिला. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये पुरलेलं खुद्द गामाचं शवही पुढे लिस्बनला नेलं. तिथे उरला आहे तो थडग्याचा दगड. आजचं खोल बंदर मात्र विसाव्या शतकात रॉबर्ट ब्रिस्टोनं गाळ उपसून केलं, ते श्रेय इंग्रजांचंच. दुसरा आक्षेप वेळेचा. एका दुपारी चर्च दिसतं, मागचा मुलूख काय दिसणार? पुष्कळ दिसतो. 2023 पासून वॉटर मेट्रोच्या बोटी धावताहेत, आणि शहराच्या उत्तरेला पोक्काळीची खाजणं आहेत: पावसात भात, तो कापला की त्याच शेतात खाऱ्या पाण्यात कोळंबी.

तेव्हा मुन्नारचा एक दिवस कमी करा. मट्टांचेरीला आधी वखारी पाहा, मग राजवाडा. आणि पट्टणमला शनिवारी जा. त्या दिवशी सिनेगॉग तसंही बंद असतं.