अंपायर कोणाचा?

आपल्या हॉस्टेलच्या टेनिस बॉल क्रिकेटमध्ये एलबीडब्ल्यू का नसतो, याचा कधी विचार केलाय? कारण साधं आहे. अंपायर बॅटिंग करणाऱ्या टीमचा असतो. आपल्याच कॅप्टनला पायचीत देणार कोण? म्हणून नियमच काढून टाकला! आता बॅट्समन तिन्ही स्टंप पायांनी झाकून निवांत उभा, आणि बॉलर बिचारा घाम गाळतोय.

मी दोन वर्षं अंपायरिंग करतोय. वाइड दिला की "चष्मा बदल", नाही दिला की "किती वडापाव मिळाले रे?" हे चालायचंच. पण हल्ली फर्स्ट इयरच्या पोराला पकडून उभं करतात, ते मला पटत नाही. तो फायनल इयरवाल्याला रनआउट कसा देईल? रात्री त्याला त्याच विंगमध्ये झोपायचंय ना!

मोठ्यांचंही पूर्वी असंच होतं. टेस्टला सहसा यजमान देशाचेच अंपायर असत. १९८६ मध्ये पाकिस्तानने वेस्ट इंडीजविरुद्धच्या लाहोर टेस्टसाठी चक्क भारताचे व्ही. के. रामस्वामी आणि पिलू रिपोर्टर यांना बोलावलं. पाकिस्तानने, भारताचे! आणि आपल्याला शेजारच्या विंगचा माणूस चालत नाही?

ए आणि बी विंगची मॅच असेल तर अंपायर सी विंगचा हवा, तोही थर्ड इयर किंवा वरचा. त्याचा चहा हरणाऱ्या नव्हे, दोन्ही टीमच्या खर्चाने. एवढं जमलं की एलबीडब्ल्यू परत आणू. गॅदरिंगच्या मॅचेसपासूनच सुरुवात करू या.