घर पाहावं वाढवून

'घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून' ही म्हण ज्यानं काढली त्यानं घर एकदाच बांधलं असावं. बांधलेलं घर पुढे वाढवायला घेतलं असतं तर म्हणीला तिसरा चरण जोडावा लागला असता, आणि तो छापण्याजोगा नसता. मी लग्न करून पाहिलं आहे. घर वडिलांनी 1978 साली बांधलं, तो अनुभव मला आयता मिळाला. वाढवण्याचा योग मात्र माझ्या पत्रिकेत होता आणि गेले चार महिने मी तो भोगतो आहे.

वाढवायचं म्हणजे फार नाही हो. साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या उतारावर आमचं बैठं घर. पूर्वेच्या अंगाला नियमाप्रमाणे सोडायची जागा सोडली, की आतून नऊ फूट रुंद आणि साडेचौदा फूट लांब एवढी एक पट्टी बांधायला उरते. त्यात एक संडास-बाथरूम आणि एक कामाची खोली, एवढाच बेत. बँकेत वीस वर्षं दुसऱ्यांच्या घरांच्या फायली पुढे सरकवल्यावर स्वतःची एवढीशी फाईल उघडायला हरकत नाही असं मला वाटलं. पण ही बातमी मेहुण्यांच्या कानावर गेली आणि ते रविवारी सकाळी टेप घेऊनच आले.

"दाजी, संडास-बिंडास राहू द्या. ही मधली भिंत पाडा आणि हॉल वाढवा! चार माणसं आली तर बसायला जागा पाहिजे की नको?"

इथे माझी सटकली. एरवी मी बायकोच्या माहेरच्या माणसांसमोर सटकत नाही, तशी पद्धत नाही. पण 'चार माणसं' हा शब्द ऐकला आणि चाळीस वर्षांचा राग वर आला. ही चार माणसं कोण आहेत? ती राहतात कुठे? आमच्या घराचा नकाशा त्यांना विचारून का काढायचा? ह्या चार माणसांपायी महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गानं जेवढा चुना, जेवढं सिमेंट आणि जेवढा प्रॉव्हिडंट फंड घालवला आहे तेवढा लग्नांपायीसुद्धा घालवला नसेल.

हॉल ही मुळी खोली नव्हेच, तो एक समारंभ आहे. तिथे एक सोफा असतो, त्याला अभ्रा असतो, आणि अभ्रा मळू नये म्हणून त्यावर चादर असते. शोकेसमध्ये कपबशा असतात. त्यांतून आजवर कुणी चहा प्यायलेला नाही. घरातली माणसं स्वयंपाकघरात पाटावर दाटीवाटीनं जेवतात, मुलं पलंगावर पालथी पडून अभ्यास करतात, आणि घरातली सर्वांत मोठी, हवेशीर, उजेडाची जागा चार माणसांची वाट पाहत रिकामी पडलेली असते. बरं, ती चार माणसं आली तरी बसल्यावर पाच मिनिटांत काय विचारतात? "वहिनी, तुमचा हॉल आणखी तीन फूट रुंद असता तर!" असं कधी कुणी म्हटलेलं तुम्ही ऐकलंय? ती विचारतात, "जरा हात-पाय धुवायचे होते…" आणि मग आम्ही त्या प्रतिष्ठित पाहुण्याला स्वयंपाकघरातून, कांद्याच्या टोपलीला वळसा घालून, मागच्या दारानं, तीन पायऱ्या उतरवून, अंगण ओलांडून, पावसाळ्यात छत्री देऊन आणि रात्री बॅटरी देऊन तिकडे पाठवतो. कारण आमची न्हाणी घरात असली तरी संडास अंगणाच्या पलीकडच्या कोपऱ्यात आहे.

मी कॉमर्सचा पदवीधर. भांडणात आवाज चढला की मी वही काढतो. गेल्या वर्षी हॉल अपुरा पडला असे दिवस किती? गौरी-गणपतीचे दोन, आईच्या पंच्याहत्तरीचा एक, आणि मेहुण्यांच्या चिरंजीवांना दहावीत मार्क पडले म्हणून ते पेढे घेऊन सहकुटुंब आले तो एक. एकूण चार. आता दुसरं पान. घरात आम्ही पाच माणसं. प्रत्येकी दिवसाला चार फेऱ्या धरल्या (ऑडिटरसुद्धा ह्या आकड्यावर लाल टिकमार्क करणार नाही) तर दिवसाला वीस, वर्षाला 7,300. दर फेरीला परतताना तीन पायऱ्या चढायच्या, पायरी अर्ध्या फुटाची. म्हणजे वर्षाला 10,950 फूट चढण. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, 1,646 मीटर, सुमारे 5,400 फूट. आमचं कुटुंब नुसतं संडासला जाऊन येण्यात वर्षाला दोनदा कळसूबाई सर करतं, आणि मेहुणे म्हणतात हॉल वाढवा!

मेहुणे हसले. मीही हसलो. आई मात्र हसली नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

आईच्या उशाशी रात्री पाण्याचा तांब्या असतो. तो मीच भरून ठेवतो, आणि सकाळी तो भरलेलाच असतो. आपण रात्री गडबडीनं जास्त भरतो की काय, असं समजून मी कित्येक महिने त्याकडे दुर्लक्ष केलं. दिवसभर दुसऱ्यांच्या नोटा दोनदा मोजणारा माणूस मी, घरातल्या तांब्याचा हिशेब माझ्याकडून सुटला. त्या रविवारी रात्री मी सहज विचारलं, "आई, पाणी पीत नाहीस का गं?"

"सहानंतर नाही पीत रे. रात्री उठावं लागतं. पायऱ्या उतरायच्या, अंगण ओलं असतं. एकदा शेवाळावरनं पाय गेला होता माझा."

"कधी? बोलली नाहीस ती!"

"मुका मार होता. काय सांगायचं त्यात? आणि तू आधी हॉलचं बघ. लोक येतात-जातात."

पंच्याहत्तर वर्षांची बाई, भर मे महिन्यात, स्वतःच्या घरात संध्याकाळी सहानंतर तहान मारते आणि वर मला हॉलचं बघ म्हणते! ह्यावर विनोद करायचा मी प्रयत्न केला, जमला नाही. तेव्हा पुढे जातो.

संडास घराबाहेर का, ह्याला एके काळी कारण होतं, आणि ते काही भूषणावह नव्हतं. टोपलीचे संडास होते, ते साफ करायला माणूस मागच्या बोळातून यायचा, आणि त्यानं घरात पाऊल टाकू नये म्हणून संडास मागे. माणसाकडून ते काम करवून घेण्याला बंदी घालणारा कायदा 1993 साली झाला. तो पुरला नाही म्हणून 2013 साली दुसरा करावा लागला. वडिलांनी 1978 साली फ्लशचा संडास आणि सेप्टिक टँक केला, म्हणजे टोपली गेली, बोळ गेला, कारणच गेलं. अंतर मात्र आम्ही वडिलोपार्जित दागिन्यासारखं जपून ठेवलं.

आता कामाच्या खोलीविषयी. इथे आरोपीच्या पिंजऱ्यात अस्मादिक आहेत. ही खोली मी मनातल्या मनात स्वतःसाठी काढली होती. खिडकीशी टेबल, टेबलावर दिवा, दिव्याखाली मी, आणि बाहेर मुलांना "श्शू, बाबा लिहितायत!" असा दम. वर्षातून मी लेख लिहितो पाच किंवा सहा. आमची ही माझ्याच कॉलेजातली, माझ्याच वर्गातली. माझ्यापेक्षा तिला अकाउंट्समध्ये अकरा मार्क जास्त होते, ते तिनं मला आजवर फक्त दोनदाच ऐकवले आहेत. गावातल्या नऊ दुकानदारांचे जीएसटीचे हिशेब ती घरी बसून करते. कुठे बसून? डायनिंग टेबलावर. सकाळी पोह्यांच्या बशा उचलल्या की बिलांचे गठ्ठे मांडायचे, साडेबाराला गठ्ठे उचलून ताटं मांडायची, दोनला परत गठ्ठे, साडेसातला परत ताटं. एका किराणा दुकानाच्या पावतीवर आमटीचा डाग पडला तेव्हा चूक कुणाची ठरली? तिची! टेबलाची नाही, घराची नाही, आणि रोज संध्याकाळी "हा पसारा काय आहे?" म्हणणाऱ्या माझी तर नाहीच नाही. बँकेत माझ्या काउंटरवर कुणी दिवसातून चार वेळा वरण वाढलं असतं तर युनियननं संप केला असता.

तेव्हा खोली तिची. हा निर्णय मी उदारपणानं घेतला असं लिहिणार होतो. पण ती हा मजकूर वाचणार आहे.

मग नकाशा. आर्किटेक्टसाहेब तरुण, हुशार. त्यांनी 2016 ची राष्ट्रीय इमारत संहिता उघडून सांगितलं की संडास-बाथरूम एकत्र असेल तर किमान 2.8 चौरस मीटर, रुंदी 1.2 मीटर, आणि घरातली दुसरी राहती खोली किमान 7.5 चौरस मीटर. खोलीला नऊ बाय नऊ दिले तर 81 चौरस फूट, म्हणजे किमानाच्या काठावर बरोबर पास. अर्ध्या फुटाची भिंत गेली की बाथरूमला उरले पाच बाय नऊ. "तीस फुटांतसुद्धा बसेल," ते म्हणाले, "उरलेले हॉलला देऊ." पुन्हा हॉल! मी त्यांना सांगितलं, किमान शिल्लक म्हणजे काय हे मला शिकवू नका. किमान शिल्लक ठेवणाऱ्या खातेदाराला दंड होत नाही एवढंच, श्रीमंत कुणी म्हणत नाही. पाच फूट रुंदी मला हवीच आहे, कारण उद्या व्हीलचेअर आली तर ती वळायला दीड मीटरचा गोल लागतो. आईची असं नाही. माझीही असेल.

मिस्त्रींशी लढाई वेगळ्या आघाडीवर. बाथरूमला दार अडीच फुटी असतं, हे ते सृष्टिनियमासारखं सांगतात. मी म्हटलं, तीन फुटी हवं.

"एवढं मोठं काय करायचंय सायेब? म्हस बांधायची का आत?"

"आणि ते बाहेर उघडलं पाहिजे."

आता मिस्त्रींनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला वाटलं हे ॲडव्हान्स परत करतात. पण माणूस आत घसरून दाराशीच पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाशी अडतं आणि बाहेरच्याला ढकलता येत नाही. हे सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प झाले आणि म्हणाले, "आमच्या चुलत्याचं तसंच झालं हुतं." त्यानंतर त्यांनी तीन फुटी दारावर वाद घातला नाही. धरायच्या दांड्या फरशा बसवायच्या आधी भिंतीवर आखायच्या, म्हणजे त्या विटेत पक्क्या बसतात. दाराशी उंबरा नको, उतार हवा. कमोड जमिनीपासून साडेचारशे मिलिमीटर तरी उंच. जमिनीला आरशासारखी चकचकीत नव्हे, खरखरीत फरशी. हे सगळं त्यांनी कबूल केलं. फक्त फरशीचं ऐकताना चेहरा पाडला. "लुक येणार नाही, सायेब." लुक कुणाला? चार माणसांना!

जाता जाता एक सांगतो. बाथरूमच्या जमिनीतल्या त्या जाळीखालच्या भांड्याला इंजिनिअर लोक इंग्रजी पुस्तकातसुद्धा 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. बांधकामाच्या इंग्रजीत आपली न्हाणी जाऊन बसली आहे, आणि आपण तिला घरात बसवायला कां-कूं करतो.

शेवटी वास्तू. मेहुण्यांनी स्वखर्चानं एक जाणकार आणले. त्यांनी होकायंत्र फिरवलं आणि कपाळाला हात लावला. बाथरूम ईशान्येला येतंय! मी म्हटलं, अजिंक्यतारा गावाच्या दक्षिणेला आहे, उतार उत्तरेकडे आहे, चेंबर ईशान्येला आहे आणि आईची खोली त्याला लागून आहे. पाणी उताराकडे जातं, त्याला दिशांचं महात्म्य कुणी सांगितलेलं नाही. वायव्येला बाथरूम नेलं तर मैला चढावर नेण्यासाठी पंप बसवावा लागेल, आणि आई पुन्हा अंगणात. ते म्हणाले, ईशान्य ही देवाची जागा. मी म्हटलं, माझी आई तिथून दहा फुटांवर झोपते, देवाला तेवढी अडचण चालेल. ते दक्षिणा घेऊन गेले. मेहुणे जेवून गेले.

परवा पक्का नकाशा आला. नऊ बाय नऊच्या खोलीत सुबक अक्षरांत लिहिलं होतं: 'स्टडी (साहेब)'. मी काही बोलायच्या आत हिनं हिशेब तपासायचं लाल पेन काढलं, ते खोडलं आणि वर 'ऑफिस' लिहिलं. तुमच्यासाठी म्हणाली, जिन्याखाली जागा आहे, पण बसताना डोकं सांभाळावं लागेल. नकाशा आता मंजुरीला गेला आहे. तोवर मी आईसाठी खोलीत रात्रीची एक कमोडची खुर्ची आणली आहे. तिला ती आवडलेली नाही, पण तांब्या सकाळी अर्धा असतो.

हा लेख मी डायनिंग टेबलावर लिहितो आहे. मेहुण्यांना उद्देशून आणखी दोन मुद्दे होते, त्यांतला एक तर फारच बिनतोड होता, पण साडेसात वाजले आणि आतून आवाज आला आहे, "अहो, तो पसारा उचला, पानं घ्यायचीयत."