मुंबईची म्हैस कोरड्यात, आमचा बैल चिखलात



मुंबईच्या उपनगरात, अंधेरी, जोगेश्वरी, गोरेगाव, बोरिवलीच्या पट्ट्यात, पावसाळ्याच्या चार महिन्यांत सव्वादोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. अकोला-बुलढाण्याकडे सात-आठशे मिलिमीटर झाला तर आपण साल बरे म्हणतो. तिकडे आपल्या तिप्पट पाऊस, म्हणजे चिखलही तिप्पट असायला हवा. जनावरांपुरते पाहिले तर गोष्ट उलटी आहे. गोरेगावची म्हैस छपराखाली, पक्क्या फरशीवर रवंथ करीत पावसाळा काढते आणि आपला बैल झडी लागली की राड्यात पाय बुडवून उभा असतो. असे का, हा प्रश्न या बैठकीपुढे मांडायचा आहे.

काही जण म्हणतील, ही काळ्या मातीची करणी आहे. ते अर्धेच खरे. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि ते लवकर सोडत नाही. म्हणून तर विहीर नसताना पऱ्हाटी उभी राहते आणि रब्बीची ज्वारी नुसत्या ओलीवर पिकते. वावरातला हाच गुण गोठ्यात दोष होतो. शेण, मूत आणि पाऊस त्या मातीत कालवला की आठ-आठ दिवस कोरडे होत नाही. पण मातीला दोष देऊन भागत नाही, कारण मुंबईची म्हैसही पूर्वी घाणीतच उभी होती. तिला तिथून बाहेर काढले गेले. ते कोणी काढले आणि कशासाठी, हे समजून घेतले पाहिजे.

स्वातंत्र्याच्या आसपास मुंबईत भर वस्तीत तबेले होते. शेण, माश्या, भेसळीचे दूध यांनी शहर त्रासले होते. तेव्हा दूध खात्याचे अधिकारी दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने १९४९ मध्ये गोरेगावात आरे दूध वसाहत उभी राहू लागली. ४ मार्च १९५१ रोजी पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. सुमारे १,२८७ हेक्टरांचा हा परिसर. वारल्यांचे पाडे तिथे आधीपासून होते. म्हशी खाजगी मालकांच्या आणि तबेले सरकारी. फरसबंद जमीन, पक्के छप्पर, पाण्याचे नळ, शेण वाहून न्यायला मोऱ्या. तबेल्याच्या धुवणाचे पाणी सोडून त्यावर पॅरा गवत पिकवले, तेच गवत पुन्हा म्हशीला.

ही व्यवस्था वाईट होती असे आम्ही म्हणत नाही. ती चांगलीच होती. पण ती म्हशीच्या मायेपोटी झाली नाही आणि दूध उत्पादकाच्या मायेपोटी तर नाहीच नाही. शहराला स्वच्छ आणि स्वस्त दूध हवे होते. ते स्वस्त राहावे म्हणून म्हशीच्या दुधात परदेशी भुकटी आणि पाणी घालून टोन्ड दुधाची युक्ती निघाली, तीही याच मुंबईत, याच खुरोडींच्या हाताखाली. १९४५ पासून गुजरातेतल्या आणंदकडचे दूध मुंबईला येऊ लागले होते. त्या दुधाचा भाव शेतकऱ्याच्या पदरात पडत नाही हे पाहून खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी १९४६ मध्ये दूध घालणेच बंद केले. अमूल त्या संपातून जन्मले. शहराच्या गरजेपोटी म्हशीला फरशी मिळाली, शेतकऱ्याला मात्र जे मिळाले ते संप केल्यावर.

आता आजचे पाहा. जोगेश्वरी-गोरेगावकडे अजून तबेले आहेत. त्या म्हशी काय खातात? सरकीची ढेप, तुरीची चुनी, हरभऱ्याची चुनी, कडबा. हे पिकते आपल्यासारख्यांच्या वावरात. १ मार्च २०२३ पासून मुंबईच्या दूध उत्पादकांच्या संघटनेने म्हशीच्या सुट्या दुधाचा घाऊक भाव लिटरला ८० वरून ८५ रुपये केला. कारण सांगितले, चुनी आणि चारा महागला. कोणत्या मंत्र्याची परवानगी नाही, कसला आयोग नाही. खर्च वाढला, भाव वाढवला. आम्हाला त्यांचा हेवा नाही. धंदा असाच करायचा असतो.

त्याच वर्षी राज्य सरकारने गायीच्या दुधाला लिटरला किमान ३४ रुपये भाव जाहीर केला. तो मिळेना, म्हणून जानेवारी २०२४ पासून लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यायची पाळी आली. गायीचे दूध पातळ, म्हशीचे दाट, हे मान्य. पण फरक नुसता दुधाच्या दाटपणाचा नाही. तबेलेवाला गिऱ्हाइकाच्या दाराशी बसला आहे आणि भाव स्वतः सांगतो. त्याच्या भावात फरशी धुणाऱ्या गड्याची मजुरी आहे, औषध आहे, पावसाळ्यातला महाग चारा आहे. म्हणजे चिखलाचा खर्च गिऱ्हाईक देते. आपल्या चिखलाचा खर्च कोण देते? बैल देतो आणि घरची बाई देते, जी पहाटे उठून राडा उपसते.

हा खर्च केवढा, हे आपण कधी कागदावर मांडतच नाही. झडी लागली की वाफसा येत नाही. डवरे बंद. बैल बांधलेला, वैरण चालू, तण कमरेला. मग उघाडीचे दोन दिवस मिळाले की सगळ्या गावाला एकाच वेळी बैल हवे. नेमका तेव्हा आपला बैल लंगडतो, कारण सतत ओलीत राहून खुराच्या बेचक्यात जखम झालेली असते. त्या चिखलावर माश्या, डास, गोचीड वाढतात आणि तिवा येतो. पावसाळ्यात घटसर्प आणि फऱ्या तर दारातच उभे. दुभत्या जनावराची कास राड्यात टेकली की दगडी. २०२२ च्या पावसाळ्यात लम्पीने राज्यभर गोठे रिकामे केले, तो आजारही चावणाऱ्या माश्या-डासांनीच फिरवला. भिजलेल्या कडब्याला बुरशी लागते ती वेगळी. ढोर-डॉक्टरची फी, बुडालेले दिवस, भाड्याचा ट्रॅक्टर, सडलेली वैरण, निंदणाची जादा मजुरी यांची बेरीज करा. कापसाच्या एका क्विंटलमागे ती किती बसते, हे आपल्यालाच ठाऊक नसेल तर सरकारला कोण सांगणार?

मुंबईचा तबेला हा स्वर्ग आहे असा कोणी समज करून घेऊ नये. तिथली म्हैस जन्मभर दाव्याला. गुजरात-हरियाणाकडून व्यालेली आणायची, दूध आटले की विकायची, पारडाची आबाळ करायची, ही तिथली जुनी रीत. शेण आपल्याकडे सोने, तिथे ती अडगळ. दहिसर नदीत वाहून जाणाऱ्या शेणाची तक्रार जुनीच आहे. आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा उपनगरातल्या तबेल्यांत शेकडो म्हशी दाव्याला बांधलेल्या जागी बुडून मेल्या. नंतर त्या पाण्यातून लेप्टोचा ताप माणसांत पसरला. नुसती फरशी पुरत नाही. पाण्याला वाट हवी आणि जनावराच्या गळ्यातली गाठ एका हिसक्यात सुटणारी हवी.

जगातही पाहा. अमेरिकेत ऑक्टोबर २०१३ मध्ये दक्षिण डाकोटात अवकाळी हिमवादळ आले आणि उघड्या कुरणांवरची हजारो गुरे बर्फात मेली. तेव्हा भरपाईचा कायदा मुदत संपून पडला होता. २०१४ च्या शेती कायद्यात तो कायमचा केला, मागच्या तारखेपासून लागू केला आणि जनावराच्या बाजारभावाच्या ७५ टक्के रक्कम दिली. आपल्याकडे २०२२ मध्ये ठरलेल्या आपत्तीच्या निकषांत दुभत्या गाय-म्हशीला ३७,५०० रुपये आणि ओढकामाच्या बैलाला ३२,००० रुपये. लाखाच्या आत बरी जोडी मिळते का, हे पोळ्याच्या बाजारात जाऊन विचारावे. हे पैसेही जनावर मेल्यावर. खूर कुजून महिनाभर बसून राहिलेल्या बैलाला आपत्ती म्हणत नाहीत.

शिवाय तबेलेवाला आटलेली म्हैस विकू शकतो. आपल्याला मार्च २०१५ च्या कायद्याने बैलाच्या बाबतीत तो मार्गही बंद केला. काम न करणारा म्हातारा बैल चार महिने छपराखाली उभा राहतो आणि धडधाकट बैलाला कोरडी जागा उरत नाही. दया करायची ती शहराने, वैरण घालायची ती शेतकऱ्याने, असा हा न्याय.

गोठ्याच्या फरशीची आठवण सरकारला झालीच नाही असे नाही. ३ फेब्रुवारी २०२१ च्या शासन निर्णयाने रोजगार हमीतून गोठ्याला ७७,१८८ रुपयांची तरतूद झाली. गोरेगावच्या उद्घाटनाला तेव्हा सत्तर वर्षे होत आली होती. गोरेगावात आधी तबेले बांधले आणि मग म्हशी बोलावल्या. आपल्याकडे आधी अर्ज, मग ठराव, मग मंजुरी, मग बिलासाठी चकरा. तोवर दोन पावसाळे जातात. आणि हीच यंत्रणा दुसऱ्या कामाला किती चपळ! ऑगस्ट २०२५ मध्ये, पोळ्याच्या तोंडावर, आपण चिखलात डवऱ्याची वाट पाहत असताना केंद्र सरकारने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. तो निर्णय १९ ऑगस्टपासून लागू झाला आणि सवलत पुढे ३१ डिसेंबरपर्यंत लांबवली. त्यासाठी कुणा गिरणीमालकाला ग्रामसभेचा ठराव जोडावा लागला नसेल.

तर मग करायचे काय? दोन कामे आहेत.

पहिले आपल्या हातातले. उन्हाळ्यात गोठ्यातली काळी माती वीतभर काढून टाका, तिथे दगड आणि मुरूम भरून धुमस करा. जागा भोवतालपेक्षा हातभर उंच, मागे उतार, उताराखाली नाली. पूर्ण फरशी झेपत नसेल तर निदान जनावर उभे राहते तेवढा ओटा करा. घटसर्प-फऱ्याची लस मृग निघण्याआधी. कडब्याची गंजी दगडावर रचा आणि वरून झाका. उकिरडाही झाका, नाहीतर खताचा कस पावसाबरोबर नाल्यात जातो. यातल्या बऱ्याच कामांना पैशापेक्षा चार माणसांचे हात जास्त लागतात. गावाने सावड केली तर आठवड्यात दहा गोठे होतील.

दुसरे सरकारकडून घ्यायचे. त्यासाठी आधी हिशेब हवा. प्रत्येक गावशाखेने या पावसाळ्यात दहा घरांची वही ठेवावी. झडीमुळे बैल किती दिवस बसला, औषधाला किती गेले, किती वैरण सडली, भाड्याने काय आणले, बाईचे किती तास राडा उपसण्यात गेले. ही वही पुढच्या बैठकीत आणावी. जनावराची भरपाई बाजारभावाने, बैलाच्या विक्रीची मोकळीक, आणि कापूस-ज्वारीच्या भावात हा पावसाळ्याचा खर्च धरलेला, या तीन मागण्या त्या वहीच्या आधाराने मांडू. रडगाणे कोणी ऐकत नाही, हिशेब ऐकावा लागतो.

मुंबईच्या म्हशीला कोरडी जागा मिळाली, कारण तिच्या दुधाची गरज असलेले लोक सत्तेच्या जवळ राहत होते. आपला बैल सत्तेपासून लांब आहे. तिथवर त्याचे म्हणणे न्यायचे ते आपणच. वही घालून या.