सोयीची स्तुति

अमेरिकेचा जगज्जेता मुष्टियोद्धा महंमद अली ३ जून २०१६ रोजीं निवर्तला, तेव्हां त्याच्या स्तुतीला जगभर ऊत आला. त्या स्तुतीविरुद्धच आमची तक्रार आहे. तिनें त्याच्या मुष्टींचें चापल्य, विनोदबुद्धि आणि कंपवातांतील धैर्य हीं सारीं वाखाणिलीं. पण १९६७ सालाशीं येतांच घाईनें पान उलटिलें.

त्या वर्षीं २८ एप्रिलला ह्यूस्टन येथें, व्हिएतनामांत लढणें आपल्या धर्मास मंजूर नाहीं म्हणून, त्यानें सैन्यभरती नाकारिली. मुष्टियुद्धाच्या मंडळांनीं जगज्जेतेपद काढून घेतलें. न्यायालयानें ५ वर्षें कैद व १०,००० डॉलर दंड ठोठावला. अपिलामुळें तुरुंग टळला, तरी ऐन उमेदीचीं सुमारें साडेतीन वर्षें रिंगणाबाहेर गेलीं. २८ जून १९७१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें शिक्षा रद्द केली. म्हणजे न्याय झालाच कीं, असें कोणी म्हणेल. गेलेलीं वर्षें कोणत्या न्यायालयानें परत केलीं?

काळ्या-गोऱ्यांनीं विभक्त राहावें, हें त्याच्या पंथाचें तेव्हांचें मत आम्हांस मुळींच पटत नाहीं. परंतु मत पटणें वेगळें आणि मतासाठीं किंमत मोजणाऱ्याची सचोटी ओळखणें वेगळें. वाणी थकल्यावर, १९९६ सालीं, त्याच्या हातीं ऑलिंपिकची मशाल देणें सोपें होतें. वाणी तिखट होती तेव्हां त्याला देशद्रोही म्हणणारेच पुष्कळ होते. आज असा नकार देणाऱ्या तरुणाला आपण काय म्हणतों, यावरच आपल्या आदराची पारख व्हावी. एरवीं ही स्तुति म्हणजे श्राद्धाचें जेवण. ज्याच्या नांवें वाढलें, त्याच्या मुखीं घास जात नाहीं!