किल्लीला हात लावू नका, नंबर लिहून घ्या
या आठवड्यात मला राग आला आहे तो बघ्यांचा. आमच्या चौकात एका मोटारीचा धक्का लागून भाजीवाल्या मावशी हातावर पडल्या. बघता बघता ही गर्दी जमली. एकानं गाडीची किल्ली काढून घेतली, दुसऱ्यानं चालकाची कॉलर धरली, बाकीचे मोबाइल उंच करून उभे राहिले. मग एक वडीलधारे गृहस्थ पुढे झाले. ‘पोलिसांची भानगड कशाला, इथंच मिटवा,’ म्हणाले. मावशींच्या हातावर दोन हजार रुपये टेकवले, किल्ली परत दिली, गाडी गेली. इतक्या माणसांत एकानंही नंबर लिहून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी एक्स-रेमध्ये मनगटाचं हाड मोडलेलं दिसलं. हाड मोडणं ही कायद्यानं गंभीर दुखापत. प्लास्टर निघेपर्यंत मावशींचा धंदा बंद, आणि ते दोन हजार तर पहिल्याच फेरीत दवाखान्यात संपले.

मोटार वाहन कायद्याचं 134 वं कलम सरळ आहे. चालकानं जखमीला उपचार मिळवून द्यायचे, पोलिसांना कळवायचं आणि पोलीस जागेवर नसतील तर 24 तासांच्या आत जवळच्या ठाण्यात जायचं, विमा कंपनीलाही सांगायचं. थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे तो अशाच वेळेसाठी. भरपाई कंपनी देते, पण त्यासाठी गाडीचा नंबर आणि पोलिसांत नोंद हवी. दावा सहा महिन्यांच्या आत न्यायाधिकरणाकडे गेला पाहिजे. गाडी सापडलीच नाही, तर सरकारी योजनेतून गंभीर जखमीला 50 हजार आणि मृताच्या वारसांना दोन लाख मिळतात. तिथंही पोलिसांचा कागद लागतोच. ‘इथंच मिटवा’ म्हणणाऱ्या गृहस्थांनी मावशींचे हे सगळे रस्ते बंद केले.

याच कलमात आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला फार खुपते. जखमीला डॉक्टरांकडे न्यायचंच, जमावाच्या क्षोभामुळे ते अशक्य झालं तर तेवढी सूट. म्हणजे आपण चालकावर तुटून पडणार, हे कायदा लिहिणाऱ्यांनी 1988 मध्येच गृहीत धरलं होतं!

जानेवारी 2024 मधला ट्रकचालकांचा संप आठवतो का? पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या आणि आपण सगळे त्या चालकांवर चिडलो होतो. नव्या न्याय संहितेत, निष्काळजीपणानं कुणाचा जीव घेऊन न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद ठेवली होती. चालकांचं म्हणणं एवढंच होतं, थांबलो तर लोक जिवंत सोडत नाहीत, मग थांबायचं कसं? सरकारनं ते पोटकलम बाजूला ठेवलं. जुलै 2024 मध्ये संहिता लागू झाली ती त्याच्याशिवाय. मला त्या चालकांचं म्हणणं तेव्हाही पटलं होतं. ट्रक पेटवून द्यायचा, क्लीनरला बडवायचं आणि मग ‘पळून गेला, माणुसकीच नाही’ म्हणायचं, हे कसं चालेल? पळणाऱ्याला शिक्षा हवीच. मात्र थांबणाऱ्याला अंगाला हात न लागता पोलीस ठाण्यापर्यंत जाता आलं पाहिजे, आणि ते सर्वस्वी आपल्या हातात आहे.

मदत करणाऱ्याला पोलीस छळतात, ही भीतीही आता जुनी झाली. सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्येच अशा माणसाला संरक्षण दिलं आणि पुढे ते 134-अ कलमात आलं. स्वतःचं नाव-पत्ता सांगण्याची सक्तीसुद्धा त्याच्यावर नाही.

मावशींचा भाचा आता आसपासच्या दुकानांचे कॅमेरे तपासत फिरतो आहे. मी आमच्या चौकातल्या गणेश मंडळाच्या पोरांशी बोललो, कारण अपघात झाला की सगळ्यांत आधी तेच धावतात. आधी 108 ला फोन, मग 112 ला, गाडीच्या नंबरचा फोटो, आणि चालकाभोवती दोघांनी उभं राहून बाकीच्यांना आवरायचं. मंडळाच्या अध्यक्षांनी फलकासाठी मजकूर मागितला आहे. आज रात्री लिहून देतो.