हजेरीपटावरचे ते चार दिवस

28 मे हा जागतिक मासिक पाळी स्वच्छता दिन. यवतमाळ जिल्ह्यात तो दरवर्षी उन्हाळ्याच्या सुटीत येतो. सभागृहात व्याख्यान होते, पॅडची पाकिटे वाटल्याचे फोटो निघतात. ज्यांच्यासाठी हे चालते त्या मुली तेव्हा मामाच्या गावाला असतात, नाहीतर आईसोबत मजुरीला. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणून हा विषय आम्ही शाळेची पहिली घंटा वाजते त्या आठवड्यात मांडत आहोत.

मुलींना शाळेत आणण्यासाठी महाराष्ट्राने हात आखडता घेतलेला नाही. 3 जानेवारी 1992 पासून गरीब दलित, आदिवासी आणि भटक्या-विमुक्त समाजांतल्या मुलींना रोज एक रुपया उपस्थिती भत्ता मिळू लागला. मात्र तो पहिली ते चौथीपर्यंत. पुढच्या शिक्षणासाठी बारावीपर्यंत मोफत एसटी प्रवास आहे, मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस आहेत, सायकली आहेत. पण सातवी-आठवीतली मुलगी महिन्यातले तीन-चार दिवस त्या बसमध्ये चढतच नाही. गणिताचा धडा पुढे सरकतो, ती मागे राहते. असे प्रत्येक महिन्याला झाले की वर्षाच्या शेवटी ‘तिचं अभ्यासात लक्ष नाही’ असा शेरा मारला जातो, आणि घरात लग्नाची बोलणी सुरू व्हायला तेवढे निमित्त पुरते.

झरी जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी या तालुक्यांतल्या कोलाम आदिवासींच्या पोडांवरचा, म्हणजे वस्त्यांवरचा, हिशेब पाहा. पॅडचे साधे पाकीट तीस-चाळीस रुपयांना. कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते. एका पाकिटासाठी आईला चार-पाच किलो कापूस वेचावा लागतो. घरात दोन मुली असल्या तर तीन जणींचा खर्च. मग जुन्या लुगड्याचा कपडा. कपडा वाईट नव्हे; स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवला तर तो चांगलाच. पण शाळा उघडते ती पावसाळ्यात. कपडा दोन दिवस वाळत नाही, आणि कोणाला दिसू नये म्हणून दुसऱ्या कपड्यांखाली दडवून वाळत घालायचा. त्या ओलसर कपड्याने खाज येते, चालताना मांड्या सोलवटतात, आणि डाग पडेल ही धास्ती तासभर बाकावर बसू देत नाही.

पॅड हातात आले तरी ते बदलायचे कुठे? शिक्षण हक्क कायद्याने 2009 मध्येच मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह बंधनकारक केले. त्याच्या भिंती बहुतेक ठिकाणी उभ्या राहिल्या. पाण्याचे काय? 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणे आटली तेव्हा खुद्द यवतमाळ शहर टँकरवर जगले. खेड्यातल्या शाळेच्या टाकीची काय कथा. दाराला आतून कडी नाही, वापरलेले पॅड टाकायला डबा नाही, अशा ठिकाणी मुलगी सकाळपासून पाणीच पीत नाही.

8 मार्च 2018 रोजी राज्याने ‘अस्मिता’ योजना सुरू केली. जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना आठ पॅडचे पाकीट पाच रुपयांत, तेही गावच्या बचत गटातल्या बाईकडून. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये पॅडवरचा 12 टक्के जीएसटी रद्द झाला. अस्मिताची कल्पना आजही आम्हाला पटते: दुकानदार पुरुषाकडे मागताना जीभ अडखळते, ओळखीच्या काकूकडे अडखळत नाही. पण योजना पुढे बंद पडली. पाळी दर महिन्याला येते. चार महिने मिळून पाचव्या महिन्याला न मिळणारे पाकीट मुलीला पुन्हा घरीच बसवते. तमिळनाडूने 2012 पासून ग्रामीण किशोरींना मोफत पॅड द्यायला सुरुवात केली. पैशांची अडचण त्याही राज्याला होतीच.

आता तर हा दयेचा प्रश्न राहिलेलाच नाही. 30 जानेवारी 2026 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मासिक पाळीतले आरोग्य हा संविधानाच्या अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला, आणि शाळांनी मुलींना मोफत पॅड व वापरता येईल असे वेगळे स्वच्छतागृह द्यावे असा आदेश दिला. तरी आदेशाने शिक्षकांची नजर बदलतेच असे नाही. या आदेशाच्या काही महिनेच आधी, जुलै 2025 मध्ये, ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरच्या एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींचे कपडे उतरवून तपासणी झाली. मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर हे घडते. म्हणून पॅडबरोबर मुलींशी आणि मुलग्यांशीही मोकळे बोलणारा शिक्षक हवा.

ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातला 10 टक्के वाटा महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. त्यातून वर्षभराची पाकिटे आणि सुती कपड्याचे धुवायचे पॅड शिवून देणाऱ्या गटाची मजुरी निघू शकते. शाळा व्यवस्थापन समितीने जुलैच्या पहिल्याच बैठकीत तीन गोष्टी स्वतः जाऊन पाहाव्यात: कडी, पाणी, डबा. आणि मुख्याध्यापकांनी सहावीपासूनच्या मुलींचा गेल्या वर्षीचा हजेरीपट समोर घेऊन दर महिन्याला कोणाचे तीन-चार दिवस बुडाले ते तपासावे. त्या मुलींच्या घरी जायला बाईमाणूस हवे; गावची आशाताई हे काम करू शकते. तिला त्याचा मोबदला मात्र वेगळा द्यावा.